ठीक अकरा वाजता

३ फेब्रुवारी, सोमवार

नवी वही. पहिल्या पानावर आजवर स्वतःच्या हातानं काय काय केलं ते लिहितो. दुरुस्त केलेलं धरत नाही. नसलेली वस्तू केली तरच धरायची.

१९८९. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुकीसाठी ॲम्प्लिफायर, चार ट्रान्झिस्टरचा. दोन तास वाजला, मग तापला. तरी धरतो.
१९९२ ते ९७. व्होल्टेज स्टॅबिलायझर, त्रेसष्ट नग. त्यातले तीन कवठे येमाईत अजून चालू आहेत, स्वतः बघितलेत.
१९९८. हे टेबल. एक पाय दोन मिलिमीटर आखूड, खाली पत्र्याचा तुकडा.
२००१. कॉम्प्युटरला जोडायचं कार्ड. तांब्याचा पत्रा घमेल्यात ॲसिड ओतून खोदला. करुणाचं ते घमेलं पुन्हा वापरता आलं नाही.
२००८ ते आजपर्यंत. ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरनं यंत्राशी बोलायचा प्रोग्रॅम, सात. सातवा पुण्याच्या कंपनीच्या साठवणपेटीचा, अकरा हजार चारशे बारा ओळी. शिवाय त्या पेटीचं मराठी माहितीपुस्तक, बेचाळीस पानं, चित्रांसकट.

बारावी नापास. शिकवायला कुणी नव्हतं. वॉर्डातल्या वाचनालयात इंग्रजी पुस्तक आणि शेजारी डिक्शनरी घेऊन बसायचो, पहिलं पान वाचायला नऊ दिवस लागले होते.

सकाळी आयुषचा फोन. कंपनीचा मॅनेजर, वय एकोणतीस. मला सर म्हणतो आणि बोलता बोलता दुसरं काहीतरी टाइप करत असतो. कळा ऐकू येतात.

"सर, दौंडच्या एक्स-रे सेंटरमध्ये फोटो गायब होताहेत."

"गायब म्हणजे?"

"मशीनच्या काउंटरवर महिन्याचे नऊशे बारा एक्स-रे. आपल्या पेटीत आठशे शहात्तर फोटो. मालक म्हणतात, तिथली टेक्निशियन बाहेरची कामं करते आणि फोटो पुसून टाकते. तुम्ही ड्रायव्हर बघून एक कागद द्या फक्त."

"बघितल्यावर देईन."

"हो हो, तेच म्हणतोय."

छत्तीस फोटो. पेटीतल्या साठवणकार्डाशी बोलतो तो माझा ड्रायव्हर. फोटो कार्डावर उतरला की तो ‘झालं’ म्हणतो आणि स्क्रीनवर बरोबरची खूण येते. माझा ड्रायव्हर खोटं बोलत नाही.

दुपारी करुणाचा मेसेज, लांबलचक. बदलीचा अर्ज, शिरूरच्या शाळांची यादी, वीस तारीख. माझी बायको दौंडला शिक्षिका आहे, सहा वर्षं तिथंच खोली घेऊन राहते. मी कोड उघडून बसलो होतो. ‘ठीक’ म्हणून उत्तर पाठवलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

शिरूरहून साडेसातची दौंडची एसटी, न्हावऱ्यावरून. इनामगावच्या अलीकडं उसाच्या ट्रॉलीमागं पंचवीस मिनिटं गेली.

सेंटर स्टेशनपासून चालत नऊ मिनिटांवर. मालक बापूसाहेब, बागायतदार, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट.

"या इंजिनिअरसाहेब."

"इंजिनिअर नाही. बारावी नापास."

"आरं वा! मी धावी नापास. मंजी तुम्ही माझ्यापेक्षा दोन यत्ता म्होरं." स्वतःच हसले. मग खुर्ची जवळ ओढली. "पोरगी हुशार हाय वो, तीच तर पंचाईत हाय. येडी असती तर मला सौंशय आला नसता. तुमची न् तिची वळख हाय का?"

"नाही. का?"

"न्हाई, असंच. तुमच्याकडची वाटली."

रोख कळला. इथं लिहीत नाही.

टेक्निशियनचं नाव गौतमी. चौतिशीची असेल. एक्स-रेच्या खोलीबाहेर चपलांची ओळ होती. मी सरळ आत निघालो तर हात आडवा घातला.

"सर, चप्पल. आधी काढायची, मग आत वाकून बघायचं."

एक्कावन्न वर्षांच्या माणसाला असं सांगतात का? काढली.

टेबलावर माझं माहितीपुस्तक होतं. खाकी कव्हर घातलेलं, वर नाव, आत पेन्सिलच्या रेघा. दोन वर्षांत मी ते पुस्तक कुणाच्या टेबलावर बघितलं नव्हतं.

"तीनदा वाचलंय," ती म्हणाली. "पान सतरावर दिवा पिवळा लिहिलाय न् चित्रात हिरवा दावलाय."

बघितलं. खरं आहे.

"एवढं एकच सापडलं का?"

"एवढंच. बाकी चांगलं लिहिलंय. वाचताना कोण तरी शेजारी बसून सांगतंय असं वाटतं."

पेटीच्या तारा तपासायला घेतल्या.

गर्दी भरपूर. दर पेशंटमागं ती दार लावते, बाहेरच्या चपला बघते, ओरडते, "ही अंगठ्याची कुणाची?" आणि मगच बटण दाबते. वेळखाऊ पद्धत. ठीक अकराला तिनं पेटीची रोजची तपासणी घेतली, हिरवा दिवा लागला, वहीत टिक केली. सगळं पुस्तकाप्रमाणं. दोन वाजेपर्यंत उभा होतो, तिची एकही चूक काढता आली नाही, आणि त्याचाच त्रास झाला. इतकी बिनचूक माणसं काहीतरी झाकत असतात असं वाटून गेलं. वाटलं हे खरं आहे, म्हणून लिहून ठेवतो.

करुणाची शाळा तिथून दोन गल्ल्यांवर. सव्वादोन झाले होते, तिचे तास चालू असणार. शिवाय काम अर्धवट टाकून भेटायला जाण्यात अर्थ नव्हता. स्टँडवर चहा घेतला आणि सव्वाचारची एसटी पकडली.

८ फेब्रुवारी, शनिवार

तीन दिवस पेटी टेबलावर मांडून चालवतोय. सव्वाचार लाख फोटो घातले. एकही गहाळ नाही.

डोकं साफ व्हावं म्हणून मराठीत लिहून काढतो. कार्डाकडं दोन रांगांनी कामं जातात. पहिली साधी रांग. हा फोटो ठेव, तो फोटो दे. दुसरी कारभाराची. प्रकृती सांग, स्वतःची तपासणी कर, बंद होऊन पुन्हा चालू हो. दोन्ही रांगांना मी वेगळी कुलपं दिलीत. कारभाराचं काम आलं की साध्या रांगेचं दार लावायचं, कारभार उरकायचा, दार पुन्हा उघडायचं. ही रचना मी कुठून उचललेली नाही. एका मे महिन्यात, वर पत्रा तापलेल्या याच खोलीत ती केली. तिच्याखाली डोळे मिटून सही करीन.

दोन्ही रांगा वेगवेगळ्या चालवून तपासल्या. दोन्ही निर्दोष.

१० फेब्रुवारी, सोमवार

अहवाल पाठवला. ‘ड्रायव्हरमध्ये दोष आढळला नाही. फोटो गहाळ होण्याचे कारण हाताळणीत शोधावे.’ दुसरं वाक्य आयुषनं सुचवलं होतं. व्याकरण बरोबर होतं, ठेवलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज कुणाशी बोललो नाही. दूधवाला पिशवी कडीला अडकवून जातो, त्याचा आवाजही येत नाही. संध्याकाळी घोडनदीच्या पुलापर्यंत चालत गेलो. जाऊन येऊन सहा हजार दोनशे ऐंशी पावलं. परतताना पंधरा कमी भरली. का ते कळलं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

करुणाचा फोन.

"पाच तारखेला दौंडात होतात?"

"काम होतं."

"स्टँडवर दोन तास बसला होतात म्हणे. माझ्या वर्गातल्या मुलीच्या आईनं बघितलं."

"एसटी सव्वाचारची होती."

"हां. अर्जाचं काय ठरवलंत?"

"कसला अर्ज?"

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. तिनं गॅस बारीक केला असावा.

"काही नाही. जेवलात का?"

"जेवलो," म्हणालो. जेवलो नव्हतो, भात अजून शिजत होता. पण उत्तर देऊन टाकलं की फोन लवकर आटोपतो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी आयुष. खुशीत होता. "सर, तुमच्या कागदानं काम सोपं झालं. मालकानं त्या बाईला घरी बसवलं. एक तारखेपर्यंत कबूल कर, नाहीतर पोलिसांत देतो म्हणालेत."

"पोलिसांत कशासाठी?"

"चोरी. फोटो पुसले म्हणजे पुरावा पुसला. ते आता त्यांचं त्यांचं."

दुपारी अनोळखी नंबर.

"सर, गौतमी बोलते, दौंडवरनं. तुमचा नंबर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर हाय."

त्या नंबरावर आलेला हा पहिलाच फोन.

"तुम्ही लिहिलंय, हाताळणीत शोधा. मी हाताळलं तुमच्या पुस्तकाप्रमाणं. मग शोधायचं कुठं ते बी तुम्हीच सांगा." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, गेलेल्या फोटोंच्या वेळा आहेत का.

"पान नऊ. ‘प्रत्येक फोटोची वेळ वहीत लिहावी.’ लिहिल्यात. गेलेल्यांवर खूण बी केलीय. वही घरी आणलीय, तेवढी तरी माझी हाय."

वाचायला लागली. दहा अठ्ठावन्न. दहा एकोणसाठ. अकरा. दहा एकोणसाठ. अकरा. तारखा वेगळ्या, वेळ तीच. नवव्या फोटोला मी पेन खाली ठेवलं. तिनं छत्तीसच्या छत्तीस वाचले. मी थांबवलं नाही.

"अकराला तुम्ही काय करता?"

"तुमची तपासणी. पान एकतीस. ‘दररोज ठीक अकरा वाजता तपासणीचे बटण दाबावे.’"

"रोज?"

"रविवार सोडून. रविवारी सेंटर बंद असतं. तवा काय करायचं ते पुस्तकात न्हाई."

ठीक अकरा मी का लिहिलं? अकराला माझा चहा असतो. दुसरं कारण नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

जिल्ह्यात अशा एकोणीस पेट्या आहेत. बाकीच्या अठरा ठिकाणी फोन केले. "कुठलं बटण?" अकरा जणांनी विचारलं. चौघांनी आजवर दाबलं नाही. दोघं सेंटर उघडण्याआधी दाबतात, तेव्हा एकही पेशंट नसतो. एकानं त्यावर कॅलेंडर टांगलंय.

माझं पुस्तक वाचून, त्यात लिहिल्याप्रमाणं, लिहिल्या वेळेला बटण दाबणारी जिल्ह्यात एकच व्यक्ती आहे. अकराला तिच्याकडं सगळ्यात जास्त गर्दी असते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दोन्ही रांगा एकदम चालवल्या. फोटो उतरत असताना मध्येच तपासणी. चौदाव्या वेळी एक फोटो गेला. स्क्रीनवर बरोबरची खूण, कार्डावर काही नाही.

दोष माझा आहे. कसा ते लिहितो, म्हणजे नंतर पळवाट राहणार नाही.

तपासणी संपताना कार्ड बंद होऊन पुन्हा चालू होतं. त्याआधी मी साध्या रांगेचं दार लावतो, नवीन काम आत येऊ देत नाही. पण दार लावण्याआधी आत गेलेली कामं उरकली का, हे मी बघतच नाही. दार लावलं म्हणजे खोली रिकामी झाली असं धरून चाललो. आतली कामं कार्ड बंद होताना मरतात. मग ड्रायव्हर त्यांचा निकाल काय देतो? प्रत्येक कामाच्या निकालाच्या जागी मी सुरुवातीलाच शून्य भरून ठेवलं होतं. आणि शून्य म्हणजे ‘झालं’.

ते शून्य मीच टाइप केलंय, ओळ सात हजार दोनशे सहा. तिथं शेरा आहे, माझाच: ‘नंतर बघू.’

२२ फेब्रुवारी, शनिवार

दोन्ही रांगांना एकच मोठं कुलूप लावून बघितलं. पेटी गोठली. कारभार साध्या रांगेसाठी थांबला, साधी रांग कारभारासाठी थांबली, दोघांपैकी कुणी हलेना. आतल्या कामांची मोजणी ठेवून बघितली. तरी हजारात एखादा फोटो निसटतो. दार उघडं आहे हे बघून येणारं काम, स्वतःची नोंद व्हायच्या आत दार लागलं, तर माझ्या मोजणीत नसतंच.

आज वरण करपलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

दौंड. गौतमीचं घर शोधलं. सासू पडवीत मेथी निवडत होती. दोष माझा आहे हे उभ्यानंच सांगून टाकलं.

"तुम्हाला कळलं कवा?" गौतमीनं विचारलं.

"गुरुवारी."

"आज रविवार हाय."

"खात्री करत होतो."

"तुमची खात्री व्हईस्तोवर गल्लीतल्या बायकांनी माझ्याशी बोलणं सोडलं, सर. पाण्याला गेले तर हंडे उचलून बाजूला व्हत्यात."

सासू म्हणाली, "बस म्हण की त्यास्नी."

"बसा," गौतमी म्हणाली. माफी मागितली तर म्हणाली, "माफी ऱ्हाऊ द्या. कागद द्या. पहिला दिला तेवढ्याच मोठ्या अक्षरात."

देतो म्हणालो. दोष कुठं आहे ते तिनं विचारलं, मी सांगितलं, आणि अजून कुठं अडलंय तेही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"म्हंजी दार लावलं, पण आत कोण हाय ते बघितलं न्हाई?"

"हो."

"मी बी केलंय तसं एकदा. नोकरीचा दुसरा आठवडा. पडद्यामागं एक म्हातारी कापडं बदलत व्हती, मी दार लावलं न् बटण दाबलं. काय झालं न्हाई तिला, पण मला चार दिवस अन्न गेलं न्हाई. तवापासनं चपला मोजते."

"चपला मोजून काय होतं?"

"येणाऱ्यानं आधी चप्पल काढायची, मग दाराकडं बघायचं. दार बंद असलं तर चप्पल घालायची न् माघारी बाकावर. मी दार लावते, चपला बघते. ज्याचा फोटो हाय त्याच्याबिगर एक बी ऱ्हायली न्हाई, तवाच बटण."

"आणि त्यानं आधी दार बघितलं, मग चप्पल काढली तर?"

"तर तेवढ्यात मी दार लावीन, बाहेर चप्पल दिसायची न्हाई न् माणूस आत असंल." मूर्खाला सांगतात तसं तिनं मला हे दोनदा सांगितलं.

आधी नोंद, मग दार. माझ्या कोडमध्ये बरोबर उलटं आहे. तीस वर्षांत हे मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नाही. की मिळालं होतं आणि मी वाचलं नाही, तेही आता सांगता येत नाही.

तिथून करुणाच्या खोलीवर. तिला आश्चर्य वाटलं. पोळ्या केल्या, वांगं होतं. मी चपलांचं सगळं समजावून सांगितलं, चाळीस मिनिटं. तिनं नीट ऐकलं. ती नेहमी नीट ऐकते.

मग म्हणाली, "वीस तारीख गेली."

"कसली?"

"शिरूरच्या बदलीची. मी विचारलं होतं, अर्ज भरू का, मी तिकडं राहायला आलेली चालेल ना. तुम्ही ‘ठीक’ लिहिलंत."

"मग भरायचा."

"ठीक म्हणजे ये, की ठीक म्हणजे वाचलं, ते कळेना. पंधराला परत विचारलं. तुम्ही म्हणालात, कसला अर्ज."

"पुढच्या वर्षी भर."

"पोळी घ्या अजून," म्हणाली.

तिनं नवीन कपाट घेतलंय. मोठं, लोखंडी, भिंतीला स्क्रूनं पक्कं केलेलं. चारपैकी एक स्क्रू तिरका होता. काढून सरळ बसवून दिला. आता ते हलणार नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

झालं. काम आलं की आधी त्याची नोंद, मग दाराकडं बघणं. बंद असेल तर नोंद खोडून माघारी. कारभार दार लावतो, नोंदी संपेपर्यंत थांबतो, मगच कार्डाला हात लावतो. आणि निकालाच्या जागी सुरुवातीला आता शून्य नाही, ‘झालं नाही’ आहे. कार्डानं स्वतः सांगितलं तरच ते बदलतं.

फोटो उतरत असताना एक लाख तपासण्या. गहाळ काही नाही.

दहा तारखेचा अहवाल मागं घेणारा कागद लिहिला. करारात आहे, कागद आधी कंपनीला, मग गिऱ्हाइकाला. आयुषला पाठवला. खाली लिहिलं की शनिवारी मी हा दौंडला देणार आहे.

३ मार्च, सोमवार

शनिवारी दौंडला गेलो. कागद बापूसाहेबांच्या हातात दिला. त्यांनी ओठ हलवत सगळा वाचला.

"चूक तुमची?"

"माझी."

"मंजी पोरीनं काय केलंलं न्हाई."

"पुस्तकात लिहिलं तेच केलं. पुस्तकही माझंच."

कागद टेबलावर ठेवून ते खिडकीबाहेर बघत राहिले. "लई बोललो वो मी तिला. पेशंटांच्या म्होरं." मग माझ्याकडं वळले. "आन् तुम्ही हे लेखी देताय, सहीनिशी. उद्या कोण काम दील तुमास्नी?"

"ते मी बघतो."

गौतमीला बोलावून घेतलं. आजपासूनच कामाला लाग म्हणाले. ती उभीच राहिली.

"येते. पण ह्यो कागद फळ्यावर लावा. पहिला बी लावला व्हता ना तुम्ही, समद्यांना दिसंल असा."

बापूसाहेबांनी टाचण्या शोधल्या, सापडेनात, शेवटी स्वतः उठून जुन्या नोटिशीच्या काढल्या आणि कागद लावला. थोडा वाकडा लागला. मी सरळ केला नाही.

निघताना तिनं विचारलं, "नवीन पुस्तक कवा?"

"पान एकतीस बदलतोय."

"सतरावरचं चित्र बी बदला. न् रविवारचं लिहा." मग खोलीत गेली. आतून आवाज आला, "ही निळी कुणाची? उचला!"

आज कंपनीची मेल. करार संपला. पुढचं काम नाही. नवा ड्रायव्हर मात्र मागितलाय, एकोणीस पेट्यांसाठी. पाठवून दिला, तो द्यायलाच हवा.

शुक्रवारचं लिहायचं राहिलंय. आयुष स्वतः शिरूरला आला होता, गाडी घेऊन. या खोलीत तो पहिल्यांदाच आला. खुर्ची एकच आहे, ती त्याला दिली, मी टेबलाला टेकून उभा राहिलो. त्या दिवशी त्यानं टाइप केलं नाही.

"सर, कंपनी विकली जातेय. घेणारे एकेक कागद बघताहेत. तो दहा तारखेचा तेवढा राहू दे. नवा ड्रायव्हर आम्ही गुपचूप घालू. ती बाई कामावर परत जाईल, मालकाशी मी बोलतो. कुणाचं काही जाणार नाही."

"मग फोटो कुणी घालवले म्हणून लिहायचं?"

"काहीच लिहायचं नाही, सर. ती जागा रिकामी ठेवायची."

"रिकाम्या जागेत काय वाचतात लोक, ते मी आत्ताच बघून आलोय," म्हणालो. त्याला कळलं नसावं. चहा विचारला, नको म्हणाला. जिना उतरताना वाकून म्हणाला, "सर, घरी विचारून तरी बघा."

करुणाला सांगावं म्हणून शनिवारी दौंडच्या स्टँडवरून फोन केला, आज सकाळी पुन्हा केला. एकदा लागला नाही, एकदा तिनं उचलला नाही. परीक्षेचे दिवस आहेत. तेव्हा नोंद इथं करतो.

शुक्रवारी आयुषला नाकारलेला देकार: दहा फेब्रुवारीचा अहवाल आहे तसा ठेवणे. ड्रायव्हर सर्व हक्कांसह कंपनीच्या नावे करणे. खराडीच्या ऑफिसात मुख्य तज्ज्ञ म्हणून दोन वर्षे नेमणूक, राहायला दोन माणसांपुरता फ्लॅट. एकरकमी रुपये २२,५०,०००. अक्षरी बावीस लाख पन्नास हजार फक्त.